न खाल्लेल्या टूना बर्गरची आठवण

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये 1955 साली डिस्नेलँड सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या फँटसीलँड भागात, एका छोट्या तळ्यात, समुद्री चाच्यांचं एक भलंमोठं शिडाचं जहाज उभं राहिलं. ते जहाज कुठेच जात नव्हतं, कारण ते रेस्टॉरंट होतं. ‘चिकन ऑफ द सी’ नावाची डबाबंद टूना विकणारी कंपनी त्याची प्रायोजक होती, त्यामुळे मेनूत टूनाचं सँडविच, टूना बर्गर आणि टूनाचे बाकीचे नातेवाईक. 1960 मध्ये शेजारी कवटीच्या आकाराचा खडक आणि धबधबे आले. लोक ट्रे घेऊन त्या खडकाजवळ बसायचे. 1982 मध्ये फँटसीलँड नव्यानं बांधायला घेतलं आणि जहाज पाडण्यात आलं.

माझा जन्म त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी झाला, तोही अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर. घरात कांद्याशिवाय काही शिजत नाही, पण मासा शिजत नाही. टूना मी आजवर चाखलेला नाही. तरीही रात्री साडेअकराला, फोन चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून, मी त्या जहाजाचे जुने फोटो बघत असते आणि मला कसंतरी होतं.

बंद पडलेल्या थीम पार्क रेस्टॉरंट्सबद्दल हळहळणाऱ्यांचं एक अख्खं जग आहे. लोक जुनी मेनूकार्डं स्कॅन करतात, पोस्टकार्डं जमवतात. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे तर जुन्या मेनूकार्डांचा मोठा संग्रहच आहे. मी या जगात कामानिमित्त शिरले. मी रेस्टॉरंट्ससाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे: टेबल बुकिंग, क्यूआर कोडचा मेनू, बिल, आणि कुठलं टेबल किती वेळ अडलंय याचा हिशेब. म्हणजे या लोकांची जी तक्रार आहे, ती बनवण्याचा मला पगार मिळतो.

तक्रार अशी की पूर्वी जेवण म्हणजे विसावा होता आणि आता ते एक काम झालंय. हे खरं आहे का, यापेक्षा मला वेगळाच प्रश्न छळतो. जुन्या काळाबद्दल हळहळणारा माणूस नक्की काय परत मागत असतो? आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे का?

मराठीत ‘नॉस्टॅल्जिया’साठी दोन शब्द चालतात, स्मरणरंजन आणि गतकातरता. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. रंजनात माणूस आरामात बसलेला असतो, आठवण त्याच्यापुढे नाचते. कातर माणसाचं काहीतरी हरवलेलं असतं. त्या जहाजाबद्दलच्या ज्या आठवणी मी वाचल्या, त्यांत बर्गर फार चविष्ट होता असं जवळजवळ कुणी म्हणत नाही. बर्गर अगदीच बेताचा असावा. लोकांना आठवतं ते बसणं. पाय दुखत होते, ऊन होतं, आईबाबांनी ट्रे आणला, पाण्याचा आवाज येत होता, आणि पुढे कुठे जायचं हे अजून ठरलेलं नव्हतं.

आता आजचा प्रकार पाहा. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलावर बसून जेवायचं असेल तर साधारणपणे 60 दिवस आधी बुकिंग उघडतं. लोकप्रिय जागा हवी असेल तर त्या दिवशी पहाटे उठून फोन हातात धरायचा. म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी दुपारी सव्वा वाजता आपल्या पोरांना भूक लागणार आहे, हे आज सांगायचं. टेबल नको असेल तर मोबाइल ऑर्डर. ॲपवर पदार्थ निवडा, वेळेचा स्लॉट निवडा, पैसे भरा, तिथे पोचलात की ‘मी आलोय’ असं बटण दाबा, मग स्वयंपाक सुरू. माणसाशी एक शब्द न बोलता जेवण हातात येतं. इंजिनिअर म्हणून मला याचं कौतुकच वाटतं, ते लपवत नाही.

पण यामागचं गणित मला माहीत आहे, आणि ते गणित कळलं की जुन्या लोकांची हळहळ वेडगळ वाटत नाही. रांगांच्या शास्त्रातलं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. सेवा देणारी जागा एक, लोक येतात ते आपापल्या मर्जीनं, अनियमित. ती जागा 80 टक्के वेळ कामात असेल, तर रांगेतले आणि आत असलेले मिळून सरासरी 4 जण असतात. 90 टक्क्यांना 9. 95 टक्क्यांना 19. खऱ्या रेस्टॉरंटमध्ये टेबलं अनेक असतात, आकडे बदलतात, पण वळणाचा आकार तोच राहतो. जागेचा वापर शंभराच्या जवळ नेलात की वाट बघणं अंगावर कोसळतं. एक्सेलमध्ये जी खुर्ची ‘वाया गेलेली’ दिसते, तीच न सांगता आलेल्या माणसाला लगेच बसवत असते.

मग शंभराच्या जवळही जायचं आणि रांगही दिसू द्यायची नाही, हे कसं जमवायचं? एकच उपाय: लोकांनी आपल्या मर्जीनं येणंच बंद करायचं. त्यांना वेळ वाटून द्यायची. रांग तेव्हाही असते, फक्त रेस्टॉरंटच्या दारातून उठून तुमच्या घरात, तुमच्या पहाटेच्या झोपेत येऊन बसते.

‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडे सांगितली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. व्याकरणाच्या दृष्टीनं ती कितपत टिकते यात मी पडत नाही, पण घराघरांतल्या बायकांनी ती पिढ्यान् पिढ्या खरी केली आहे. ऐनवेळी कुणी आलं की आमटीत पाणी वाढवायचं, दोन भाकऱ्या जास्त टाकायच्या. डब्यात पीठ थोडं जास्तच ठेवायचं, लागो न लागो. 60 दिवस आधी नोंदवलेल्या पाहुण्याला या अर्थानं अतिथी म्हणता येणार नाही. त्याला तिथी मिळालेली आहे, उगवली नाही तर बऱ्याच ठिकाणी माणशी दंडही आहे.

यात यंत्र हा खलनायक आहे असं समजू नका. 1 ऑक्टोबर 1982 ला फ्लोरिडात एपकॉट सुरू झालं, तेव्हा तिथे ‘वर्ल्डकी’ नावाची यंत्रणा होती. टचस्क्रीन, 1982 साली! पार्कात शिरायचं, पडद्याला बोट लावायचं, आणि त्या पडद्यावर एक जिवंत माणूस यायचा. दोन्ही बाजूंनी व्हिडिओ. तुम्ही बोलायचं, तो त्याच दिवसाचं टेबल लावून द्यायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसातल्या दोघांना लिंक पाठवली, आणि दोघांचंही उत्तर एकच आलं, हे स्केल होणार नाही. बरोबरच आहे. पण तंत्रज्ञान माणसाला हटवण्याऐवजी माणसापर्यंत पोचवतं, असं डिझाइन कुणीतरी केलं होतं आणि ते चाललं होतं. आपण दुसरी वाट निवडली, ती निवडच होती.

इथपर्यंत मी जुन्यांच्या बाजूनं बोलले. आता त्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे कोण भरत होतं ते बघू.

जहाजाचे पैसे टूनावाले भरत होते. ‘रेड वॅगन इन’ नावाचं रेस्टॉरंट स्विफ्ट या मांस विकणाऱ्या कंपनीच्या नावानं चालायचं. ‘कासा दे फ्रितोस’ हे मेक्सिकन पद्धतीचं ठिकाण चिप्स बनवणाऱ्या फ्रिटो कंपनीचं. प्रायोजकासाठी रेस्टॉरंट म्हणजे आत शिरता येईल अशी जाहिरात. तिथे टेबल दीड तास अडलं तरी चालायचं, कारण जाहिरात जितका वेळ बघितली जाईल तितकी बरी. ज्या निवांतपणासाठी आपण झुरतो, त्याचा मोठा भाग जाहिरातखात्याच्या बजेटमधून आलेला होता.

कासा दे फ्रितोसचा एक किस्सा सांगितला जातो. उरलेल्या शिळ्या टॉर्टिया फेकून देण्याऐवजी तुकडे करून तळल्या, मसाला लावला, लोकांना आवडल्या. कंपनीच्या अधिकाऱ्याचं लक्ष गेलं आणि 1966 मध्ये अमेरिकाभर डोरिटोस विकायला आलं. आता ते माझ्या सोसायटीखालच्या किराणा दुकानात लटकतं. रेस्टॉरंटचं नाव गेलं, मेनू गेला. शिळ्या टॉर्टियांचे तुकडे मात्र जगभर पोचले, कारण ते पाकिटात मावत होते. बसणं पाकिटात मावत नाही.

पण प्रायोजकांपैकी सगळ्यात अवघड गोष्ट क्वेकर ओट्सची आहे. 1955 मध्येच डिस्नेलँडच्या फ्रंटियरलँडमध्ये ‘आंट जेमायमाज पॅनकेक हाऊस’ उघडलं. आंट जेमायमा हे पॅनकेकच्या पिठाच्या पुडक्यावरचं पात्र: डोक्याला रुमाल बांधलेली, गोऱ्या मालकांच्या घरात आनंदानं राबणारी काळी बाई. गुलामगिरी म्हणजे जणू एक मायाळू स्वयंपाकघर होतं, अशी समजूत त्या चित्रातून विकली जायची. अनाहाइममध्ये हे पात्र प्रत्यक्ष हजर असे. एलिन लुईस नावाच्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं बरीच वर्षं ते काम केलं. पाहुण्यांचं हसून स्वागत करायचं, फोटोला उभं राहायचं. 1970 मध्ये ते रेस्टॉरंट गेलं. पिठाच्या पुडक्यावरचं नाव जायला 2021 उजाडलं.

त्या पॅनकेक हाऊसमध्ये लहानपणी जेवलेल्या कुणाला आज त्या सकाळची आठवण येत असेल, तर ती खोटी नाही. सरबत गोड होतं, आई तरुण होती, एक बाई प्रेमानं हसली होती. पण ते हसणं हा तिच्या नोकरीचा भाग होता, आणि त्या खुर्चीवरून ते कळायचा मार्ग नव्हता. आठवण जिथे बसली होती तिथूनच साक्ष देते.

आणि काहींना खुर्चीच नव्हती. 1961 च्या नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरू डिस्नेलँडला गेले, खुद्द वॉल्ट डिस्ने त्यांच्याबरोबर फिरले. त्याच काळात अमेरिकेतली कितीतरी मनोरंजन उद्यानं काळ्या माणसांना बंद होती. वॉशिंग्टनजवळचं ग्लेन एको पार्क 1960 च्या उन्हाळ्यातल्या आंदोलनानंतर, 1961 च्या हंगामात सर्वांसाठी उघडलं. अटलांटात ‘फनटाऊन’ होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टीव्हीवर जाहिरात बघून तिला फनटाऊनला जायचं होतं, आणि का जाता येणार नाही हे बापाला सांगता येईना. पुढे ते उद्यान गाजावाजा न करता सर्वांना खुलं झालं आणि किंग तिला घेऊन गेले, असं त्यांनीच नंतर एका मुलाखतीत सांगितलं. अटलांटातल्या एखाद्या आजोबांना आज फनटाऊनच्या हॉट डॉगची आठवण येत असेल. त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या कुणाला त्याच उद्यानाची जाहिरात आठवत असेल.

हे वाचून ‘अमेरिकेत काय काय होतं बघा’ असं म्हणणं आपल्याला सोपं आहे. आपल्याकडे गावातल्या जुन्या चहाच्या हॉटेलाच्या आठवणी निघाल्या की बाकडं, रेडिओ, मिसळ, उधारीची वही हे सगळं येतं. काही लोकांसाठी बाहेर कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपबशा त्या आठवणीत आपोआप येत नाहीत. त्या ज्यांना आठवतात त्यांनी लिहून ठेवल्यात, म्हणून आपल्याला ठाऊक. इतकं लांब कशाला, माझी आजी वारली तोवर कधीही एकटी हॉटेलात जाऊन चहा प्यायली नाही. आजोबांच्या तोंडी मात्र इराण्याचा ब्रून मस्का सारखा असायचा. बंद पडणाऱ्या इराण्यांबद्दल मलाही वाईट वाटतं. आजीला वाटलं असतं का, मला माहीत नाही.

म्हणून आजच्या फोनवरच्या मेनूला मी सरसकट नावं ठेवत नाही. माझे बाबा मेनूकार्ड नेहमी उजवीकडून वाचायचे. आधी किंमत, मग डावीकडे पदार्थ. वेटर डोक्यावर उभा असताना ते करणं फार अवघड. मग ‘भूक नाही फारशी, तुम्ही मागवा’ म्हणायचं. फोनवर ते दहा मिनिटं आरामात स्क्रोल करतात, कुणी बघत नसतं. आईला ‘क्विनोआ’चा उच्चार करावा लागत नाही, चित्रावर बोट ठेवलं की झालं. एकट्या मुलीला ‘अजून कुणी येणार आहे का?’ विचारायला कुणी येत नाही. ॲप तुमच्याकडे प्रेमानं बघत नाही हे खरं, पण ते तुमच्या चपलांकडेही बघत नाही. ज्यांच्याकडे नेहमी प्रेमानंच बघितलं गेलं, त्यांना न बघितलं जाण्यातलं सुख कळणं कठीण आहे. (आणि त्या जहाजावर माझी आजी नेली असती, तर तिनं पर्समधून दशम्याच काढल्या असत्या.)

तर मग हळहळणाऱ्यांना काय परत मागता येईल? मला वाटतं, एकच गोष्ट. ऐसपैसपणा. न ठरवता येण्याची, आणि आल्यावर थोडं जास्त बसण्याची मुभा. ती जुन्या जागांनी खरोखर दिली होती, ती खरोखर गेली आहे, आणि ती मागणं रास्त आहे. ती कुणाला दिली होती, हे मात्र जसंच्या तसं परत मागता येत नाही. तिथे आठवणीचं काही चालू नये.

हे बोलायला सोपं आहे, कारण मला जहाज बांधायचं नाही. पण माझ्यापुढे एक बारकं काम आलं होतं. बिल भरून दहा मिनिटं झाली आणि टेबल रिकामं नसेल, तर मॅनेजरच्या टॅबवर ते टेबल लाल दिसावं. दोन दिवसांचं काम. मी बैठकीत विचारलं, बाहेर कुणीच थांबलेलं नसेल तरी लाल? सगळे थोडा वेळ गप्प. वेटिंग लिस्टचा डेटा शेजारच्याच टेबलात होता, म्हणजे डेटाबेसच्या टेबलात, तो तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एक अट वाढवली. आता रांग असेल तरच लाल होतं. दुपारी चारला, अर्धं हॉटेल रिकामं असताना, कुणी चहाचा कप संपवून खिडकीबाहेर बघत बसलं तर आमचं सॉफ्टवेअर गप्प बसतं. काही टेबलं बुकिंगला कधीच द्यायची नाहीत, आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखायची, असाही पर्याय मी सुचवला. त्यावर चर्चा चालू आहे. त्यातून किती महसूल बुडेल हे मोजता येतं, काय मिळेल हे मोजायचं कसं, तिथे गाडी अडली आहे. अडायलाच हवी, प्रश्न खोटा नाही.

त्या कामाच्या निमित्तानं आमच्याकडून सॉफ्टवेअर घेणाऱ्या पुण्यातल्या एका हॉटेलात मी एक दुपार काढली. तिथल्या वेटर दादांना विचारलं, लोक बिल देऊन बसून राहतात, तुम्हाला त्रास होतो का? ते म्हणाले, “त्यांच्या बसण्याचं काय नाय ओ ताई. आम्हाला बसता येत नाय, त्याचं आहे.” अकरा वाजल्यापासून ते उभे होते. मॅनेजर नसला की भिंतीला टेकायचे.

केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये कायदा बदलून दुकानं आणि आस्थापनांतल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका कित्येक वर्षं भांडल्या होत्या. अनाहाइमच्या पॅनकेक हाऊसमध्ये एलिन लुईस यांना दिवसभरात किती वेळ बसता यायचं, याची नोंद मी शोधली. मेनूकार्डं सापडली, पॅनकेकची किंमत सापडली, त्यांचे हसरे फोटो सापडले. बहुतेक फोटोंत त्या उभ्या आहेत.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक हॉटेलाचा नकाशा काढता येतो. चौकोनी टेबल, गोल टेबल, लहान मुलांची उंच खुर्ची, काउंटर, खांब, कुंड्यासुद्धा ओढून ठेवता येतात. वेटरच्या खुर्चीसाठी चिन्ह नाही. ते अजून कुणी मागितलेलं नाही, आणि न मागितलेलं काम आमच्याकडे यादीत सगळ्यात खाली जातं. मी ते तिथे लिहून ठेवलंय.